दोन हजारांची युकुलेली आणि एक मोकळी दुपार

प्रवासातल्या वाद्याकडून माझी पहिली अपेक्षा अशी, की ते हरवलं तर हळहळ वाटावी पण झोप उडू नये. चांगली गिटार घेऊन कुणी पावसाळ्यात राजमाचीला जात नाही. दीड-दोन हजारांची युकुलेली, म्हणजे गिटारची चार तारांची धाकटी बहीण, मात्र सॅकच्या कडेच्या खिशात उभी खोचता येते, एसटीत मांडीवर मावते, आणि मुक्कामाच्या ओसरीवर चहा येईपर्यंत दोन गाणी होऊन जातात. अडचण एवढीच, की या किमतीची युकुलेली खोक्यातून बाहेर काढल्यावर बहुधा बेसूर असते. नवशिक्याला वाटतं, आपल्या कानातच खोट आहे.

खोट कानात नसते. कारखान्यात लाकूड कापणं, फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा पाडणं, रंग मारणं ही कामं यंत्रं करतात. शेवटचा हात माणसाला फिरवावा लागतो. नटच्या (खुंट्यांच्या बाजूची आडवी पट्टी) खाचा किती खोल हव्यात, सॅडल (तोंडावर चिकटवलेल्या ब्रिज नावाच्या ठोकळ्यातली, तारा टेकतात ती पट्टी) किती उंच हवं, फ्रेटची टोकं बोटाला बोचतात का, हे एकेक वाद्य हातात घेऊन बघायचं काम आहे. तो वेळ वाचवला की किंमत उतरते. शिवाय तारा दांडीपासून उंच ठेवणं विकणाऱ्याच्या सोयीचं असतं. तारा फार खाली असल्यामुळे खरखरणारी युकुलेली गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणतं, जड वाजणारी मात्र निमूट वापरतं आणि महिन्याभरात माळ्यावर टाकतं.

म्हणजे स्वस्त युकुलेलीत दोन जातींचे दोष असतात. काही आपल्याला घरी दुरुस्त करता येतात, काही जन्माचे असतात. दुकानात फक्त जन्माचे दोष शोधायचे. बाकीच्यांसाठी एक मोकळी दुपार पुरते.

आकार कोणता

सोप्रानोची एकूण लांबी २१ इंच, म्हणजे साधारण ५३ सेंटिमीटर. कॉन्सर्ट २३-२४ इंच, टेनर २६ इंच. विमानात हाताशी ठेवायच्या बॅगेची लांबी आपल्याकडे सहसा ५५ सेंटिमीटर धरतात, त्यामुळे सोप्रानोवर कुणी बोट ठेवत नाही. कॉन्सर्टच्या बाबतीत गेटवरच्या माणसाच्या मूडवर अवलंबून राहावं लागतं. बोटं जाड असतील तर कॉन्सर्ट घ्या, फ्रेटमधली जागा थोडी ऐसपैस असते. टेनर प्रवासाचा नाही. बॅरिटोनचा तर विषयच सोडा, त्याच्या तारा गिटारच्या चार बारीक तारांसारख्या लावतात, ते वेगळंच प्रकरण.

तसं पाहिलं तर सोप्रानो मुळातच प्रवासातून आलेली. ऑगस्ट १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत राबायला होनोलुलूला उतरले. त्यांच्यासोबत माशेते नावाचं चार तारांचं चिमुकलं वाद्य होतं. त्याच जहाजातून आलेल्या मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो या सुतारकाम जाणणाऱ्या तिघांनी पुढे हवाईत जी वाद्यं घडवली, त्यांची युकुलेली झाली. कॉन्सर्ट आणि टेनर हे मोठे भाऊ नंतरचे.

लाकूड की प्लास्टिक

घन लाकडाची युकुलेली प्रवासाला नेऊ नका. रत्नागिरीच्या जुलैत ती फुगते आणि नागपूरच्या मे महिन्यात तडकते. प्लायची घ्या. प्लायमध्ये थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्यामुळे लाकूड हवेबरोबर फारसं हलत नाही. आवाज जरा कोंदट येतो, पण शेकोटीपाशी तो फरक कुणाला कळतो?

प्लास्टिकला नाक मुरडू नका. मारिओ माकाफेरी या इटालियन वादक-कारागिराने सेल्मर कंपनीसाठी नावाजलेल्या गिटारी घडवल्या होत्या. त्याच माणसाने १९४९ मध्ये आयलंडर नावाची प्लास्टिकची युकुलेली बाजारात आणली आणि ती लाखोंनी खपली. आज काला कंपनीची वॉटरमन पूर्ण प्लास्टिकची आहे. फ्लाइट कंपनीच्या टीयूएस३५ या मॉडेलला लिंडनच्या प्लायचं तोंड आणि एबीएस प्लास्टिकची पाठ असते. साच्यातून निघालेल्या दांडीचे फ्रेट जागच्या जागी असतात हा प्लास्टिकचा मोठा गुण. नदीकाठी, बोटीवर किंवा लहान मुलांच्या हातात द्यायची असेल तर मी प्लास्टिकची घेईन. पण ती सुधारायला वाव कमी असतो. ज्यांना हाताने काही करायला आवडतं त्यांच्यासाठी प्लायची बरी, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे.

दुकानात काय तपासायचं

खिशात मेजरिंग टेप, एक व्हिजिटिंग कार्ड आणि मोबाइलमध्ये ट्यूनर ॲप. एवढं घेऊन जा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पहिलं काम टेपचं. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. सोप्रानोवर ते साधारण १७० ते १७५ मिलिमीटर येतं. मग बाराव्या फ्रेटपासून सॅडलच्या माथ्यापर्यंत मोजा. हे दुसरं अंतर पहिल्याइतकं किंवा दीड-दोन मिलिमीटर जास्त हवं. जास्त यासाठी, की तार दाबली की ताणली जाते आणि स्वर चढतो. तो चढ भरून काढायला सॅडल जरा मागे बसवतात. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा कमी भरलं, किंवा तीन मिलिमीटरहून जास्त भरलं, तर युकुलेली ठेवून द्या. ब्रिज चुकीच्या जागी चिकटवला आहे आणि त्याला घरगुती औषध नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझी पहिली युकुलेली दिसायला सुरेख होती, मागवली घरबसल्या. ब्रिज चार मिलिमीटर मागे होता. चार मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. हिशेब केला तर सोप्रानोच्या लांबीवर बाराव्या फ्रेटला सुमारे २० सेंटचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. मी तारा बदलल्या, नट घासला, सॅडल घासलं, आणि ती बेसूरच राहिली. आता भिंतीवर टांगली आहे, पाहुणे कौतुक करतात.

दुसरं काम ट्यूनरचं. तारा जी, सी, ई, ए अशा लावा. यातली जी ही तार सीपेक्षा चढ्या स्वराची असते, ती चूक नव्हे, युकुलेलीचा खास आवाज तिच्यामुळेच येतो. आता बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा मोकळा स्वर, वाजेल. मग तीच तार बाराव्या फ्रेटला दाबून वाजवा. दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा आठ-दहा सेंट चढा असेल तर घाबरू नका, तारा खाली आणल्या की तो उतरेल. पण तारा उंच असूनही दाबलेला स्वर उतरा येत असेल तर ती घेऊच नका. तारा खाली आणल्यावर तो आणखी उतरेल.

तिसरं, दांडी. बंदुकीचा नेम धरतात तशी डोळ्यासमोर धरा आणि नटकडून ब्रिजकडे बघा. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. या किमतीत दांडीत बाक सुधारायची सळई नसते, त्यामुळे वाकडी दांडी ही कायमचीच वाकडी. चौथं, ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून बघा. आत शिरला तर गोंद सुटतो आहे. सॅडल वेगळं निघणारं आहे का हेही इथेच बघून घ्या. ब्रिजमध्येच ओतलेलं असेल तर पुढे हात चालवायला जागा नाही. शेवटी चारही तारा पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक दाबून वाजवा. एखाद्या ठिकाणी खरखर असेल तर तो सुधारता येणारा दोष आहे. चार-पाच ठिकाणी असेल तर पुढची युकुलेली मागा.

खुंट्या गिअरच्या घ्या. मागून ओढून बसवलेल्या, नुसत्या घर्षणावर टिकणाऱ्या खुंट्या हलक्या आणि देखण्या असतात, पण धक्के खात गेलेल्या प्रवासानंतर रात्री अंधारात त्या लावणं म्हणजे शिक्षा.

घरबसल्या मागवली असेल तर हेच सगळं आल्या दिवशी करा आणि परत करायची मुदत संपण्याआधी ठरवा. पाचशे रुपयांच्या, कार्टून छापलेल्या पंधरा-सोळा इंची वस्तूला युकुलेली म्हणतात, पण ते खेळणं आहे.

कामाला बसण्याआधी

लागणाऱ्या वस्तू अशा: २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक कानशींचा संच, मास्किंग टेप, पेन्सिल, फेव्हिक्विक, खाण्याचा सोडा, मुदत संपलेली तीन-चार एटीएम कार्डं, आणि कुणाच्या तरी गिटारवरून उतरवलेल्या जुन्या स्टीलच्या तारा. गिटार शिकवणाऱ्या कुणाकडेही या जुन्या तारा फुकट मिळतात. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच आहे.

आधी तारा ठरवा, कारण नटच्या खाचा तारेच्या जाडीनुसार घासायच्या असतात. सोबत आलेल्या काळ्या नायलॉनच्या तारा काढून टाका. आक्विला या इटालियन कंपनीच्या नायलगट तारा उजळ आणि मोठ्याने वाजतात, नवशिक्यासाठी त्याच बऱ्या. फ्लोरोकार्बनच्या तारा नायलॉनपेक्षा जड पदार्थाच्या असल्यामुळे तेवढ्याच स्वराला बारीक असून चालतात, हवेतला ओलावा पीत नाहीत आणि लवकर स्थिरावतात. प्रवासासाठी मी त्याच वापरतो. मासेमारीच्या दुकानात मिळणारी फ्लोरोकार्बनची दोरी हा मुळात तोच माल. साधारण ०.५५ मिलिमीटरची एसाठी, ०.६ ची जीसाठी, ०.७ ची ईसाठी आणि ०.९ ची सीसाठी घेतली तर एका रिळात आयुष्यभराच्या तारा होतात. पण चार जाड्यांची चार रिळं विकत घेतली की स्वस्ताई उरत नाही, म्हणून चार मित्रांनी मिळून घ्यावी.

स्टीलच्या तारा कधीही लावू नका. युकुलेलीच्या चारही तारांचा मिळून ताण १५ ते २० किलोच्या आसपास असतो आणि आतले आधार तेवढ्याच बेताचे असतात. स्टील लावलं की ब्रिज उखडून हातात येतो.

फ्रेट

मास्किंग टेपने दांडीचं लाकूड झाका, फ्रेट तेवढे उघडे ठेवा. जुन्या ओढणीचा काठ दांडीच्या दोन्ही कडांवरून फिरवा. धागा अडकला तिथलं टोक बोचरं आहे. बारीक कानस ४५ अंशांत धरून दोन-तीन हात मारा, मग ६०० चा पेपर. एवढं केलं तरी हातातली वस्तू दुप्पट किमतीची वाटू लागते.

खरखर होती तिथला फ्रेट वर आलेला असतो. एटीएम कार्डाची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर टेकवा. मधला उंच असेल तर कार्ड डुगडुगेल. ब्रिजच्या दिशेला फ्रेट जवळजवळ येतात, तिथे पूर्ण कार्ड चार-पाच फ्रेटवर बसतं, म्हणून एक कार्ड कापून आखूड तुकडे करून ठेवा. उंच फ्रेटवर लाकडाचा तुकडा ठेवून छोट्या हातोडीने हलके ठोका, दांडीखाली घडी घातलेला टॉवेल हवा. परत वर येत असेल तर कडेतून फेव्हिक्विकचा एक थेंब सोडून दाबून धरा.

नट: खरं काम इथे आहे

माझं मत विचाराल तर स्वस्त युकुलेली बेसूर वाजण्याचं पहिलं कारण नट. तो उंच असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार फार खोल दाबावी लागते, ती ताणली जाते आणि स्वर चढतो. आणि नवशिका तर सगळा वेळ त्याच तीन फ्रेटवर असतो. मोकळ्या तारा बरोबर लागलेल्या असतात, सी कॉर्डही (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) ठीक वाटतो, आणि एफ धरला की काहीतरी आंबट होतं. एफमध्ये ई तार पहिल्या फ्रेटला दाबावी लागते, म्हणून.

तपासायचं असं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे ते बघा. छपाईच्या साध्या कागदाचा तुकडा जेमतेम सरकावा, एवढीच हवी. स्वस्त युकुलेलीत तिथून व्हिजिटिंग कार्ड आरामात जातं.

आता त्या गिटारच्या तारा. गुंडाळी असलेली जाड तार ही आयती गोल कानस आहे. १२ नंबरच्या संचातली तिसरी तार ०.६१ मिलिमीटरची असते, ती एच्या खाचेला. चौथी ०.८१ ची, ती जी आणि ईला. पाचवी १.०७ ची, ती सीला. नट प्लास्टिकचा असल्यामुळे एवढ्याने तो छान घासला जातो. युकुलेलीची एक तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या, गिटारच्या तारेचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत ताणून धरा आणि खाचेत मागेपुढे ओढा. हात खुंट्यांच्या बाजूला किंचित खाली झुकलेला हवा, म्हणजे तार खाचेच्या दांडीकडच्या कडेवरच टेकेल. पाच-सहा वेळा ओढून थांबा, तार परत बसवा, स्वरात लावा, कागद घालून बघा. मग पुन्हा.

खाचेचा उतार उलटा झाला, किंवा तळ सपाट राहिला, तर तार एका कडेवर न टेकता लांबवर घासत राहते आणि झीं असा आवाज येतो. हा आवाज आपल्याला ओळखीचा आहे. तानपुऱ्याच्या घोडीला मिरजेचे कारागीर तासन्‌तास घासून मुद्दाम हीच जवारी काढतात, आणि ती साधली की मैफल उजळते. युकुलेलीवर तीच जवारी नको असताना फुकट मिळते. आवाज आला की उतार पुन्हा नीट करा.

कागदापेक्षा ट्यूनरवर जास्त विश्वास ठेवा. ई तार पहिल्या फ्रेटला हलक्या हाताने दाबली की एफ दिसायला हवा, पाच सेंटच्या आत. तिथे पोचलात की थांबा. आणखी थोडं, आणखी थोडं करत मी दोन नट वाया घालवले आहेत. शेवटचे चार हात दुसऱ्या दिवशी मारायचे, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

खाच जास्त खोल झाली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरू लागली तर खाण्याचा सोडा खाचेत चिमूटभर भरा, वर फेव्हिक्विकचा एक थेंब. क्षणात दगडासारखा गोळा होतो. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. वाळल्यावर पुन्हा घासायला घ्या.

सॅडल

नट झाल्याशिवाय सॅडलला हात लावू नका, कारण नट खाली आला की बाराव्या फ्रेटवरची उंचीही थोडी उतरते.

एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, जगभर एकच. बाराव्या फ्रेटवर तारेखाली तीन कार्डं जावीत आणि चौथं अडावं, म्हणजे उंची सव्वादोन ते तीन मिलिमीटरच्या मध्ये आहे. चौथं सहज जात असेल तर सॅडल घासायचं. इथे एक गणित लक्षात ठेवा: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो.

तारा सैल करून सॅडल बाहेर ओढा. खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारा, वरच्या बाजूला नाही. स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर २२० चा पेपर चिकटवा, ओट्याइतकी सपाट जागा घरात दुसरी नसते, आणि सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासा. वाकडं घासलं गेलं तर ते ब्रिजच्या खाचेत पूर्ण टेकत नाही आणि आवाज मरतो. माथा सपाट वाटला तर ४०० ने किंचित गोल करा, नाहीतर इथेही जवारी.

उरलंसुरलं

नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासा. तार लावताना टिक असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो, ते थांबतं. खुंट्यांचे स्क्रू जरा आवळा, फार नाही, मऊ लाकडात ते फिरतच राहतात. नव्या तारा हाताने हलक्या ओढून पुन्हा लावा, असं आठ-दहा वेळा. तरी नायलॉनसारख्या तारा चार-पाच दिवस उतरत राहतातच, म्हणून हे सगळं निघायच्या आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करा.

उन्हात उभ्या गाडीत युकुलेली ठेवू नका. पावसापेक्षा ते वाईट, ब्रिजचा गोंद मऊ पडतो आणि तारा त्याला हळूहळू पुढे ओढतात. पावसासाठी कापडी पिशवीवरून कचऱ्याची मोठी काळी पिशवी पुरे. सॅकमध्ये खुंट्या वर ठेवून उभी घाला, भोवती गुंडाळायला एक टीशर्ट. पिशवीच्या खिशात एक जादा ए तार, छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि ते कापलेलं एटीएम कार्ड असू द्या. ए तार बहुतेक वेळा पहिली तुटते, आणि कार्डाच्या तुकड्याचा प्रवासात पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, म्हणून उपयोग होतो.